नावेची पुढची साखळी

पडेगाव, औरंगाबाद
रविवार, १२ मे २०१९

प्रिय शालू,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इथं सगळे बरे आहेत. तू पाठवलेलं तेल आजीच्या गुडघ्याला लागू पडलंय, निदान ती तसं म्हणते. नळाला काल सातव्या दिवशी पाणी आलं, टाकी भरून घेतली, आणि आज सुट्टी म्हणून ओट्यावर चटई टाकून लिहायला बसले आहे. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बोल आई' म्हणतेस आणि मग माझं बोलणं पाणी, भाजी, आजीचा गुडघा इथंच फिरून थांबतं. तुझी वॉर्डात ड्यूटी असते, मागून कुणीतरी 'सिस्टर, सिस्टर' अशा हाका मारत असतं. सगळ्याच गोष्टी तशा घाईत सांगता येत नाहीत. शेवटी तुझ्या जुन्या वहीची पानं फाडली. अक्षर दहावीनंतर सुधारलेलं नाही, समजून घे.

तू मला कितीदा विचारलंस, आई, तू दौऱ्यावर जाऊन नक्की काय करतेस? मैत्रिणींना तू 'आई सरकारी ड्रायव्हर आहे' एवढंच सांगतेस, आणि ते खोटं नाही. पण खरं काम म्हणजे मी एक नाव ओढून नेते. जीपच्या मागं ट्रॉली आणि ट्रॉलीवर चौदा फुटी पांढरी फायबरची नाव. जिथलं धरण मोजायचं असेल तिथं नेऊन ती पाण्यात सोडायची. साहेब लोक यंत्र लावून पाण्याची खोली घेतात, तळाला गाळ किती साचला ते काढतात. दुष्काळ पडला की आमचं काम वाढतं. धरण भरलेलं असतं तेव्हा कुणी विचारत नाही. आटलं की सगळ्यांना उरलेल्या पाण्याचा हिशोब पाहिजे असतो.

तुझे पप्पा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्यांच्या जागी मला नोकरी लागायला तीन वर्षं गेली. कागदावर मी शिपाई. फायली, चहा, साहेबांच्या खोलीचं कुलूप. मग २०१३ चा उन्हाळा आला. नावेची जीप चालवणारे मोतीराम निवृत्त झाले, नवा माणूस भरायला मंजुरी नव्हती आणि वरून रोज फोन, आज हे धरण मोजा, उद्या ते मोजा. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, जीप कुणाला येते? मी हात वर केला. त्याआधीच्या वर्षी मी सकाळी सकाळी शिवणाच्या क्लासला जायचे, आठवतं? तो क्लास शिवणाचा नव्हता. तुझे पप्पा ड्रायव्हर, त्यांच्या माघारी मी चाक धरलेलं आजीला बघवणार नाही असं वाटायचं, म्हणून ते खोटं. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी जीपपुढं नारळ तिनंच फोडला.

नाव हाताळायला कडुबा होते. तू त्यांना एकदा बघितलं आहेस, तुझ्या बारावीच्या निकालाचे पेढे तू त्यांच्या हातात दिले होतेस. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा रुमाल. पैठणकडचे भोई, नाथसागराच्या काठचे, तेव्हा रोजंदारीवर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव ट्रॉलीला कशी बांधायची ते दाखवलं, आणि दाखवून झाल्यावर सगळं पुन्हा सोडून टाकलं. म्हणाले, "आता तुमी बांधा, बाई."

ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला एक खांब असतो. त्याच्यावर हातानं फिरवायची गराडी, आणि गराडीला गुंडाळलेला जाड पट्टा. पट्ट्याचा हूक नावेच्या नाकाशी असलेल्या कडीत अडकवायचा आणि नाक खांबावरच्या रबराच्या ठोकळ्याला घट्ट टेकेपर्यंत गराडी फिरवत राहायची. मला वाटलं, झालं. कडुबा म्हणाले, "हे नुसतं वढून घेणं झालं. धरून ठेवायचं काम साखळीचं." त्याच कडीतून एक आखूड साखळी खाली ट्रॉलीच्या सांगाड्याला. तिचा ताण खालच्या बाजूला पाहिजे, म्हणजे खड्ड्यात नाक उसळत नाही. मागच्या दोन कोपऱ्यांना दोन पट्टे वेगळे. मग नाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघायचं. नाव हलली तर ट्रॉलीसकट हलली पाहिजे. आणि निघाल्यावर दोन-चार किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा बघायचं, कारण रस्त्याच्या हादऱ्यानं नाव जरा बसते आणि बांधलेलं सैल पडतं. त्या दिवशी त्यांनी मला पाच वेळा बांधायला लावलं, भर उन्हात. मला राग आला. हा माणूस पुरुष ड्रायव्हरकडून पाचदा बांधून घेईल का, असं मनात आलं. नंतर कळलं, मोतीरामांकडून त्यांनी आठ वेळा बांधून घेतलं होतं.

आता जे लिहिते ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही सिल्लोडकडच्या एका तलावावर होतो. काम संपलं. कडुबा यंत्र घेऊन साहेबांच्या गाडीतून पुढं निघाले, मी आणि नाव मागं. गावातली दहा-पंधरा माणसं काठावर उभी होती, बाई नाव कशी बांधते ते बघत. मला दाखवायचं होतं, की बाईला झटपट येतं. गराडी फिरवली, मागचे पट्टे घाईघाईनं ओढले. साखळीचा हूक गंजलेला, लवकर बसेना. म्हटलं, पुढचा पट्टा आहे की, राहू दे. आणि दोन-चार किलोमीटरवर थांबलेही नाही.

चौक्याच्या घाटात, चढावर, एका खड्ड्यात जीप आदळली आणि मागं फाटकन आवाज झाला. आरशात बघितलं तर नावेचं नाक खांबापासून सुटून आभाळाकडं गेलेलं, आणि मागचे सैल पट्टे निसटून नाव मागं घसरत निघालेली. मागं एक मोटारसायकल होती. नवरा, बायको आणि तिच्या मांडीवर तान्हं लेकरू. त्यांच्या मागं पाण्याचा टँकर. मोटारसायकलवाल्यानं गाडी कडेच्या मातीत घातली आणि तिघंही पडले. टँकरवाल्यानं करकचून ब्रेक मारला, वरच्या झाकणातून पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला. नाव दोघांच्या मधे येऊन आडवी झाली. मी उतरून पळाले, पळताना पडले, तळहात सोलून निघाला. त्या बाईनं लेकरू छातीशी धरलं होतं. तिचं कोपर फुटलं होतं, लेकराला ओरखडासुद्धा नव्हता, पण ते रडत नव्हतं. मी त्याच्या गालाला हात लावला, शालू. मग त्यानं भोकाड पसरलं, आणि मीही तिथंच रस्त्यात बसून रडले. तुला सांगितलं होतं, नळावर घसरले म्हणून हाताला पट्टी आहे. तुझा दहावीचा निकाल यायचा होता. नोकरी गेली तर तुझं पुढचं शिक्षण कसं होईल, हेच डोक्यात होतं. ते तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

तासाभरात साहेबांची गाडी उलटी फिरून आली. कडुबांनी आधी त्या लेकराला बघितलं, मग नावेला, मग खांबाला. साहेबांनी विचारलं, "साखळी तुटली काय?" मी कडुबांकडं बघितलं. मनात म्हटलं, हे 'तुटली' म्हणतील आणि मी वाचेन. नुसतं मान हलवण्याचं काम होतं. कडुबा म्हणाले, "तुटली नाय साहेब. लावलीच नव्हती. पण पट्टा बी कडंला झिजलेला हाय. त्यो बघायचं काम माझं व्हतं, म्या बघितला नाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

साहेब म्हणाले, उद्यापासून नाव दुसरा कुणी नेईल. माझ्या अंगात तेव्हा कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "साहेब, आधी मला इथं बांधू द्या. बघा, मग ठरवा." टँकरवाला, मोटारसायकलवाला आणि अजून चार माणसांनी मिळून नाव उचलून ट्रॉलीवर चढवली. पट्टा तुटलेला, म्हणून पुढं दोरखंड लावला. मग साखळी. हूक दगडानं ठोकून बसवला, माझ्या हाताचं रक्त कड्यांना लागत होतं. मागचे पट्टे. मग नाक धरून हलवलं. ट्रॉली हलली. साहेब गाडीत जाऊन बसले. मला नोटीस मिळाली, पण जीपची चावी माझ्याकडंच राहिली. कडुबांना मात्र दोन महिने कुणी कामावर बोलावलं नाही. रोजंदारीच्या माणसाला नोटीससुद्धा लागत नाही.

मला त्यांचा इतका राग होता! एक शब्द वेगळा बोलले असते तर काय बिघडलं असतं? तो राग उतरायला आठ-दहा दिवस गेले. हळूहळू ध्यानात आलं, की ह्या माणसानं मला वाचवायला खोटं सांगितलं नाही, आणि स्वतःला वाचवायलाही नाही. त्यांनी पट्ट्याचं नाव काढलं नसतं तर साहेबांनी तो बघितलाही नसता.

ट्रॉली दुरुस्त करायला मी नावेसकट शहागंजात रहीमभाईंच्या वर्कशॉपवर नेली. ट्रॉली मुळात त्यांनीच बनवलेली. त्यांनी खांब नीट बसवून पुन्हा वेल्डिंग केलं, नवा रुंद पट्टा घातला, आणि साखळीला आपोआप बंद होणारा हूक लावला. पैसे घेताना म्हणाले, "बहनजी, ये अब आपके हाथ के बगैर नहीं खुलेगा." परत येताना नाव बाजारातल्या गर्दीत अडकली. रस्त्याच्या कडेला हंडे घेऊन बायका नळाची वाट बघत होत्या. त्यातली एक म्हातारी माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "बेटा, किश्ती तो आ गई, पानी कब आएगा?" सगळ्या बायका हसल्या, मीपण हसले. त्या महिन्यातलं ते माझं पहिलं हसू.

दोन महिन्यांनी मी साहेबांपुढं जाऊन म्हटलं, कडुबांना बोलवा, मला एकटीला नाव जमत नाही. हे खरं नव्हतं, मला चांगलं जमत होतं. कडुबा आले, राम राम केला, झाल्या गोष्टीचं अक्षर काढलं नाही. मी नाव बांधली. मला वाटलं, आता हलवून बघतील. ते सरळ जीपमध्ये जाऊन बसले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मी बांधलेली नाव एकदाही तपासली नाही.

तेव्हापासून सहा वर्षं आम्ही बरोबर काम करतोय. मराठवाड्यातलं एकही धरण राहिलं नसेल. ते पाण्यातलं बघतात, मी रस्त्यावरचं. डब्यात त्यांच्याकडं वाळलेल्या मासळीची चटणी असते, माझ्याकडं भाकरी आणि ठेचा. ऑफिसात बाकी सगळ्यांना मी भाऊ म्हणते, दादा म्हणते. ह्यांना पहिल्यापासून नुसतं 'अहो' म्हणत आले. भाऊ म्हणायचं कसं राहून गेलं, ते आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय.

२०१६ ला नाथसागर इतका आटला, की पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळावरून ट्रॉली किलोमीटरभर न्यावी लागली. जेवणाच्या सुट्टीत कडुबा म्हणाले, "बाई, जरा चालता का? एक दाखवायचंय." धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं, ते तेव्हा सहा वर्षांचे. त्या वर्षी पाणी मागं सरलं आणि गाव उघडं पडलं होतं. भिंती काही राहिल्या नव्हत्या, नुसती दगडी जोती, आणि एक आड गाळानं तोंडापर्यंत भरलेला. ते मोजत मोजत चालले, आडापासून तिसरं, मग उजवीकडं. एका जोत्यापाशी थांबून त्यांनी चपला काढल्या. मला म्हणाले, "या. बसा. आमचं घर." मी चपला काढून पायरीवर बसले. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं, ते दोन्ही हातांनी, आल्यागेल्याला घरात देतात तसं. तिथं बसून त्यांनी सांगितलं, की लग्नानंतर चौथ्या वर्षी बायको तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. मग आई अंथरुणाला खिळली, तिचं करता करता वय निघून गेलं. सहा वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं ते एवढंच. मीपण त्या दिवशी तुझ्या पप्पांबद्दल बोलले. मी म्हाळसा आणि ते खंडेराव, नावं देवाघरूनच जुळून आलीत म्हणून वडीलधाऱ्यांनी कुंडलीसुद्धा बघितली नव्हती, हे ऐकून ते मोठ्यानं हसले. तुझ्या पप्पांची गोष्ट सांगून मी कुणाला हसवलं, असं नऊ वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

आपलं पडेगाव आता तुला ओळखू येणार नाही. पप्पांनी हा प्लॉट घेतला तेव्हा समोर ज्वारी होती. गेल्या दिवाळीत तू पाया बघितलास ना, तिथं पाच मजले चढलेत. दौलताबादच्या रस्त्याला संध्याकाळी जीप वळवायला दहा मिनिटं लागतात. आजी त्या इमारतीला रोज शिव्या घालते आणि चार वाजले की तिच्याच सावलीत बसून शेंगा फोडते. आता इथं ओट्यावर ऊन नाही, वारा आहे, आणि मला बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय, शालू. तू गेल्यावर घर खायला उठेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तुझी आठवण येते, पण मी सुखात आहे. हे आईनं लेकीला लिहावं का नाही, मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी नाव बांधून झाली. मी चाकावर बसणार तेवढ्यात कडुबा दाराशी आले. म्हणाले, "बाई, एक इचारायचंय. तुमी नाय म्हणलात तरी उद्या नावेवर यायचं, एवढं आधी कबूल करा." मी म्हटलं, येईन. मग त्यांनी विचारलं. मी आठ दिवस उत्तर दिलं नाही, आणि त्या आठ दिवसांत त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. नवव्या दिवशी मी हो म्हटलं. मग गेल्या मंगळवारी आजीला सांगितलं. मी भाकरी थापत होते, ती लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. तिच्याच लेकाची मी बायको, मला वाटलं आता ही उठून जाईल. मग ती म्हणाली, "दारू पितो का?" मी म्हटलं, नाही. "वरडतो का तुझ्यावर?" नाही. "मग मला म्हातारीला कुठं ठेवणार?" मी म्हटलं, "तुम्ही कुठं जात नाही अन् मीपण जात नाही, तेच इथं राहायला येतील." ती पुन्हा लसूण सोलायला लागली. म्हणाली, "भोई हाय म्हणं. आसू दे. माझ्या मावशीचा बी नवरा गेल्यावर पाट लागला व्हता, चांगला संसार झाला तिचा." मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाली, "शालूला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मंग मला कशाला आधी सांगितलं? ती पोर हाय तुझी." तेव्हापासून रोज विचारते, लिहिलंस का. म्हणून हे पत्र. मी तुझी परवानगी मागत नाही, बाळा. मागितली असती तर तुला नको असतानाही हो म्हणावं लागलं असतं. मी ठरवलं आहे, आणि ठरवून मला आनंद झालाय, एवढं मला तुला माझ्या हातानं लिहून कळवायचं होतं. तुझ्या पप्पांचा फोटो आहे तिथंच राहील, हे कडुबांनी आपणहून सांगितलं. लग्नाची नोटीस दिली आहे. १७ जूनला सोमवारी नोंदणी कार्यालयात सही आहे, साक्षीदाराची एक जागा मी रिकामी ठेवली आहे. तुला राग आला तर फोनवर भांडू नको, तिथून नुसता आवाज येतो, तुझं तोंड दिसत नाही. रजा काढ, ये, समोर बसून जेवढं भांडायचं तेवढं भांड. पुढचे पाचही रविवार मी दौरा घेतलेला नाही.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई